चाचणीपुरती एक फोड

तोंडातला घास गिळायला जिन्यावर भरपूर वेळ मिळतो, असं भिंगरीकाका म्हणत. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या दीडशे लिफ्टा त्यांच्या अंगावर होत्या, आणि त्यातली एक तरी रोज कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये माणसांना घेऊन अडकलेली असायची. फोन आला की काका ताटावरून उठायचे. कंपनीतल्या लोकांनी पायाला भिंगरी म्हणून आधी 'भिंगरी' म्हटलं, मागाहून कामाला लागलेल्यांनी पुढे 'काका' जोडलं, आणि खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं.

निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस शांत होईल, अशी त्यांच्या बायकोला वेडी आशा होती. जित्याची खोड अशी कधी जाते का? दीड वर्षात घरातली एकही बिजागरी कुरकुरेना, कारण कुरकुरायच्या आतच तिच्यात तेल पडायचं. नळांचे वायसर बदलून झाले. मिक्सर दोनदा उघडला गेला. एकदा बिघडला होता म्हणून आणि एकदा चांगला आहे ना हे बघायला. दुसऱ्या वेळेनंतर तो काही चालला नाही. शेजारणी आपल्या घरातलं काही बिघडलं तरी काकांपासून लपवून ठेवू लागल्या.

अशा घरात कासव आलं. वरच्याला थट्टा करायची हुक्की येते ती अशी.

कासव त्यांच्या मुलीचं. ती दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि एकटीच राहायची. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी घर सोडताना मागे टाकलेलं हे वाटीएवढं पिल्लू तिने उचलून आणलं होतं. आता ते चांगलं ताटाएवढं झालं होतं. मान बाहेर काढून दुसऱ्यांची कामं बघत तासन्‌तास उभं राहायची त्याची सवय बघून तिने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. प्रयोगशाळेने तिला पाच महिन्यांसाठी परदेशी शिकायला पाठवलं, तेव्हा ती मुकादमाला लाकडी खोक्यात घालून घेऊन आली.

"बाबा, नीट ऐका," ती म्हणाली. "रोज वाळलेलं गवत, आणि तुतीची नाहीतर जास्वंदीची पानं. फळ, टोमॅटो, गाजर असलं काही पंधरा दिवसांतून एकदा. तेही तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं."

"एवढंच? त्याच्या दाढेला तरी पुरेल का?"

"त्याला दाढा नसतात. आणि तेवढंच. त्याचं पोट गवतासाठी बनलंय. गोड गेलं की आत सगळं आंबतं."

काकांनी मान डोलावली. नखाकडे बघूनही घेतलं. पण थोड्या वेळाने पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले, तेव्हा आत मायलेकींचं चाललेलं बोलणं कानावर पडलं. मुलगी म्हणत होती, "बाबांना राहवणार नाही गं आई. दुसरं कुणी मिळालंच नाही, म्हणून ठेवतेय."

काका पाणी न पिताच परतले. ते वाक्य त्यांना लागलं, चांगलंच लागलं. दीडशे लिफ्टांमधून हजारो माणसं ज्याच्या भरवशावर खाली-वर करत होती, त्याच्यावर पोटच्या पोरीचा एका कासवापुरता भरवसा नाही. दाखवतोच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पाच महिन्यांनी ती येईल तेव्हा मुकादम असा ठणठणीत असेल की तिने तोंडात बोट घालावं.

पहिला महिना त्यांनी अक्षरशः डोळ्यांत तेल घालून काढला. गॅलरीत सावलीसाठी फळीचा आडोसा केला. पाण्याची परात अशी बसवली की कासव कलंडू नये. गॅलरीच्या दारामागे एक कार्ड टांगलं, जसं प्रत्येक लिफ्टच्या यंत्रखोलीत असतं तसं, आणि त्यावर पंधरा दिवसांनी दिलेल्या फळाची नोंद केली: 'पपई, एक नख.' महिन्याअखेर दोन नोंदी. मुलीचा फोन आला की ते कार्डच वाचून दाखवायचे.

घोडं अडलं ते मुकादमाच्या थांबण्यापाशी. गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे तो निघायचा आणि मध्येच उभा राहायचा. एक पाय वर, मान बाहेर, डोळे उघडे. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. आता लिफ्टच्या धंद्यात थांबण्याला एकच अर्थ असतो. चालत होतं ते थांबलं, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलं. काका दारात उभे राहून बघायचे आणि त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. आजारी तर नसेल? पायात काही गेलं असेल? आतून काही बंद पडलं असेल तर बाहेरून कळणार कसं? लिफ्टचं यंत्र निदान आवाज करतं. हा बेटा मुका.

मग त्यांनी आपल्या धंद्यातलीच युक्ती काढली. दुरुस्ती झाली की लिफ्ट रिकामी तीनदा वर-खाली पळवून बघायची, याला चाचणी म्हणतात. चाचणीत चालली तर लिफ्ट बरी, हा काकांचा उभ्या जन्माचा वेद. मुकादम असाच एकदा पाऊण तास थांबला, तेव्हा काकांनी टोमॅटोची एक फोड गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. मुकादमाचं नाक हललं. उचललेला पाय खाली आला आणि स्वारी जी निघाली ती फोडीवर जाऊन आदळली. नऊ फूट, पावणेदोन मिनिटं. काकांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. चालतोय म्हणजे बरा आहे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांबला. पुन्हा चाचणी.

मग रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. टोमॅटोला तो जरा सावकाश जाऊ लागला तेव्हा काका स्ट्रॉबेरीवर आले, तिथून कलिंगडावर, कलिंगडावरून पिकलेल्या केळ्यावर. केळ्याला तो सव्वा मिनिटात पोचला, आणि तो आकडा त्यांनी दिवसभर मनात घोळवला. दारामागच्या कार्डावर मात्र पंधरा दिवसांनी एकच नोंद. ही लबाडी नव्हती, काकांच्या हिशेबी खाऊ वेगळा आणि चाचणी वेगळी. लिफ्ट चाचणीसाठी वर गेली, तर कुणी प्रवास केला असं म्हणतं का?

आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःलाही सांगितली नव्हती. मुकादम आता त्यांना ओळखायला लागला होता. फोडींच्या डब्याचं झाकण वाजलं की तो मान ताणून त्यांच्याकडे पळत यायचा. आपल्याला बघून कुणीतरी पळत येतं, यात काय सुख असतं हे फार वर्षं घराबाहेर काढलेल्या माणसालाच कळेल.

बायकोला गॅलरीच्या फरशीवर लाल डाग दिसायचे. एकदा तिने विचारलं, "अहो, हे काय सांडलंय?"

"चाचणी," काका म्हणाले.

"कसली?"

"तुला नाही कळायचं."

तिने फडकं फिरवलं. या घरात न कळलेल्या गोष्टींवर फडकं फिरवायची तिला सवय होती.

चौथा महिना संपत आला तेव्हा मुकादमाने पाल्याकडे बघणं सोडलं. ताजी जास्वंदीची पानं त्याच्यापुढे सुकू लागली. मग त्याचं पोट बिघडलं. गॅलरीत दुर्गंधी सुटली. काकांनी फोड मोठी केली. आधी त्याने ती खाल्ली, मग अर्धी टाकली, आणि एका सकाळी केळ्याचा तुकडा अगदी नाकाशी नेला तरी त्याने मान आत घेतली. डोळे अर्धवट मिटलेले. आडोशाच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसला तो बसला. मुलगी यायला तेरा दिवस राहिले होते.

त्या सकाळी काकांनी गॅलरीच्या किती खेपा घातल्या याला गणती नाही. त्याला उचलून उन्हात ठेवलं, पुन्हा सावलीत ठेवलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुकादम कसा आहे, असं तिने विचारलं आणि काका म्हणाले, "एकदम मस्त."

दुपारी दोघं मुकादमाला खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी मुकादमाला वजनकाट्यावर ठेवलं, तोंड उघडून बघितलं, पाय ओढून बघितले आणि विचारलं, "फळं किती देता?"

"पंधरा दिवसांतून एकदा," काका म्हणाले. "नखाएवढं. कार्ड आहे घरी."

बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खोक्याकडे वळवली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. मग जंत असतील, नाहीतर यकृताचं काही, रक्त काढून बघावं लागेल, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. उद्या घेऊन या म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर बायको थांबली.

"डॉक्टरशी खोटं बोललं की औषध कुणाला लागू पडतं हो?"

"खोटं कुठे बोललो? खाऊ पंधरा दिवसांनीच दिला. बाकीची चाचणी होती."

"त्याच्या पोटाला कळतं का ते?"

काका गप्प बसले.

"लेकीच्या दातांच्या वेळी तुम्ही असेच गप्प बसला होतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच काकांना तो जास्त टोचला. "पाच दात किडले होते तिचे. दातांच्या डॉक्टरने विचारलं, मुलीला एवढं गोड कोण देतं? तुम्ही छताकडे बघत होतात. शेवटी मी म्हटलं, मी देते. त्याने मला अर्धा तास झापलं, सहा वर्षांच्या पोरीसमोर."

काकांना आठवत होतं. विसरले कधी होते? तेव्हा ते दिवसदिवस घरी नसायचे. शाळेचा कार्यक्रम असो की तिचा ताप, कुठली तरी लिफ्ट अडकलेलीच असायची. मग रात्रीच्या जेवणाला घरी शिरताना खिशात एक गोळी हवीच. दारात पाऊल पडलं की पोरगी धावत यायची, आधी खिशात हात घालायची आणि मग बापाच्या गळ्यात. रोजचं जेवण, वेणी, अभ्यास, औषध हे सगळं तिच्या आईने केलं. पाला आईने भरवला आणि गोडवा बापाने मिरवला. पोरगी मोठी झाली, गोळ्या नकोशा झाल्या, आणि तेव्हापासून काकांना तिच्याशेजारी बसून बोलायचं काय, हेच कधी कळलं नाही. रिकाम्या हाताने गेलं तर ही आपल्याजवळ थांबेल का, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

"तू इथेच थांब," ते बायकोला म्हणाले, आणि खोकं उचलून परत आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. टोमॅटो, स्ट्रॉबेरी, कलिंगड, केळं, रोज दोनदा, तीन महिने. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तो थांबायचा तेव्हा विश्रांती घेत होता, काका. बिघाड तुम्ही नंतर केलात."

"आता काय करू सांगा. काय लागेल ते करतो."

"तेच तर नकोय. रोज कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवायचं, ते काकूंना करू दे. सकाळी ताजा पाला आणि गवत ठेवायचं, संध्याकाळी उचलायचं. फळाचा कणही नाही. तुम्ही त्याला हलवायचं नाही, उचलायचं नाही, बोलवायचं नाही. दारातून बघितलंत तर चालेल. भूक लागून तो आपणहून पाल्याकडे गेला तर वाचला."

"आणि नाही गेला तर?"

"कासव बरेच दिवस उपाशी राहू शकतं. पण याचं पोट आधीच बिघडलंय. दहा-बारा दिवस बघू."

त्या दिवशी घरी येऊन काकांनी दुसरं अवघड काम केलं. मुलीला फोन लावला आणि चाचणीपासून सगळं सांगून टाकलं, सकाळचं 'एकदम मस्त' खोटं होतं हेही. मग ती म्हणाली, "आईला द्या फोन." त्यानंतर रोज तिचा फोन आईलाच यायचा. काका दाराशी घुटमळायचे आणि बायकोच्या उत्तरांवरून तिकडचे प्रश्न ओळखायचे. नाही, अजून नाही. हो, पाण्यात बसला. नाही खाल्लं.

पहिले तीन दिवस त्यांनी कसे काढले, त्यांचं त्यांना माहीत. हात शिवशिवायचे. एकदा बायकोने त्यांना फ्रिजसमोर कलिंगडाची बारीक फोड हातात घेऊन उभं असलेलं पकडलं. काकांनी ती फोड स्वतःच्या तोंडात घातली, आणि चव न घेताच गिळली. त्याच संध्याकाळी तिने घरातलं सगळं फळ शेजारी देऊन टाकलं. चौथ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांचे स्क्रू काढून पुन्हा घट्ट केले. पाचव्या दिवशी बायकोने स्क्रूड्रायव्हर पिठाच्या डब्यात लपवला. सहाव्या दिवशी काही करायला उरलंच नाही, तेव्हा ते गॅलरीच्या दारात फरशीवर जाऊन बसले. बसणं म्हणजे काय शिक्षा असते हे त्यांना साठीत कळत होतं. गुडघे दुखायचे, पाठ भरून यायची, मन तर दर मिनिटाला उठून पळायचं. मुकादम भिंतीकडे तोंड करून तसाच. काकांना वाटायचं, मरेल हा. माझ्या हाताने मरेल, आणि पोरगी पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. मग डोळे पुसायचे आणि बसून राहायचे.

दहावा दिवस उजाडला. तीन दिवसांनी यायची ती मुलगी सुट्टी मागून आधीच निघाली होती. संध्याकाळी पोचेन, असं तिने आईला कळवलं होतं. बायको भाजी आणायला बाजारात गेली. काका दारात बसले.

नऊच्या सुमाराला आडोशातून खरखर आली. मुकादम वळला. एकेक पाय टाकत उन्हात आला आणि सरळ काकांच्या गुडघ्याशी येऊन मान ताणून उभा राहिला. दहा दिवसांनी त्याने मान ताणली होती. तो काय मागतोय हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्याने कवचाने गुडघ्याला एक ढुशी दिली, आणखी एक दिली. काही मिळेना तसा तो वळला, पाल्याच्या ढिगापर्यंत गेला, आधी त्यावर चढून उभा राहिला, आणि मग खाली मान घालून त्याने एका पानाचा लचका तोडला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

काका अर्धे उठलेच होते. पण फरशीवर पाऊल वाजलं तरी मुकादम मान आत घेतो, आणि एकदा आत गेलेली मान पुन्हा कधी बाहेर येईल याची खात्री कोण देणार? त्यांनी श्वास रोखून धरला. मुकादमाने दुसरा लचका तोडला. बेल पुन्हा वाजली. मग आतल्या खोलीत मोबाईल वाजू लागला, वाजून थांबला. आणि दाराबाहेरून हाक आली, "बाबा."

संध्याकाळची ती सकाळीच आली होती. दहा दिवसांत तिने पहिल्यांदा त्यांना हाक मारली होती. काकांना रडू फुटलं. सगळा जीव त्या दाराकडे धावत होता, आणि ते तसेच बसून राहिले. तिसरा लचका. "बाबा, आत आहात ना?" चौथा. तिच्या आवाजात आता भीती होती आणि ती त्यांना इथपर्यंत कळत होती. मुकादमाने अख्खं पान संपवलं, देठ टाकून दिला, आणि दुसरं पान ओढलं. तेव्हा काका भिंतीला धरून उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. लंगडतच त्यांनी जाऊन दार उघडलं.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एवढा वेळ? मला वाटलं तो..."

"खात होता गं," काका म्हणाले. "पान. आत्ताच. उठलो असतो तर थांबला असता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग बॅग दारातच टाकून, बूट काढून हलक्या पावलांनी आत गेली आणि गॅलरीच्या दारात फरशीवर बसली. मुकादमाच्या तोंडात अर्धं पान होतं. काका तिच्यामागे उभे राहिले, जावं की थांबावं ते कळेना म्हणून.

तिने मागे न बघता विचारलं, "हातात काही आहे का तुमच्या?"

काकांनी दोन्ही पंजे तिला दिसतील असे पुढे केले. "काही नाही."

"मग बसा इथे," ती म्हणाली आणि जरा सरकली.

काका तिच्याशेजारी बसले. बराच वेळ दोघं एक शब्द बोलले नाहीत, आणि ती उठून गेली नाही.